जाड लाकूड भट्टीत वाळताना आतली चीर कशी ओळखायची? (सभामंडपाचे खांब आणि तुळया)

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप नव्याने करायचा चाललाय. सिमेंट नको, लाकडीच हवा, यावर गावाचं एकमत झालं (आमच्याकडे एकमत होणं हीच मोठी बातमी). सागवान दांडेलीचं, डेपोच्या लिलावातून घेतलेलं, वाहतूक पास वगैरे सगळं रीतसर. खांब ९ बाय ९ इंची, तुळया ८ बाय १०, आणि वरच्या कड्यांना थोडं ऐनाचं लाकूड. माल चिरून सांगलीत टिंबर एरियात थप्पी लावून ठेवलाय.

घोडं अडलंय वाळवण्यापाशी. एक जण म्हणतो, चेंबरला लावतो, दोन दिवसांत शिक्का मारून देतो. दुसऱ्याने माल बघितला, मान हलवली आणि थेट महिन्यांची भाषा सुरू केली. दरातला फरक तर विचारूच नका. समिती अर्थातच पहिल्याच्या बाजूने.

मला भीती वाटते त्याला कारण आहे. शेजारच्या गावाने मागे असेच खांब आणले होते, कुठून ते लिहीत नाही. आले तेव्हा रंधा मारून गुळगुळीत, एक रेघ नाही अंगावर. उभे केले, पॉलिश झालं, आणि पुढच्या उन्हाळ्यात एका खांबाच्या माथ्याला, तुळई बसते त्या खाचेपाशी, बोट जाईल एवढी फट. खांब उतरवून कापला तर आत मधोमध चिराच चिरा. बाहेर एकही आलेली नव्हती.

तर लाकूड भट्टीत असतानाच चीर पडतेय हे कळायला काही मार्ग आहे का? यंत्र असो, जुनी युक्ती असो, काहीही चालेल.

भट्टीवाला_कुपवाड

आधी त्या दोन दिवसांच्या शिक्क्याचं बघू. तो शिक्का एचटीचा, म्हणजे हीट ट्रीटमेंटचा, लाकूड तापवल्याचा. निर्यातीची खोकी आणि पॅलेट यांच्यासाठी आयएसपीएम १५ नावाचा नियम आहे: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. उद्देश कीड मारण्याचा. ओलंचिंब लाकूड घातलं तरी शिक्का मिळतो, आणि नियमाप्रमाणेच मिळतो. आमच्या कुपवाड, मिरज एमआयडीसीत पॅकिंगवाल्यांकडे असे चेंबर आहेत आणि त्या कामाला ते उत्तम आहेत. पण वाळवणं हे त्यांचं काम नव्हे.

बऱ्याच चेंबरांत वाफ सोडायची सोय नसते, ओल्या बल्बचा थर्मामीटर (बल्बला ओलं फडकं गुंडाळलेला, हवेतला दमटपणा कळायला) नसतो. हवा ६५ अंश आणि ओला बल्ब ४५ वर असेल तर आतली आर्द्रता ३३ टक्क्यांच्या आसपास येते. अशा हवेत लाकडाची कातडी ५ टक्के ओलाव्याकडे धावत सुटते आणि इंचभर आत लाकूड अजून झाडात होतं तसंच ओलं. आम्ही जाड माल सुरू करतो तो ४५ अंशांवर, ओला बल्ब ४३. म्हणजे आर्द्रता ८९ टक्के. बघणाऱ्याला वाटतं, हा वाळवतोय का वाफवतोय!

लाकूड साधारण २५ ते ३० टक्के ओलाव्यापर्यंत आकसत नाही. त्याखाली गेलं की आकसतं. कातडी खाली गेली, गाभा वरच आहे, म्हणजे कातडीला आकसायचंय आणि गाभा तिला आकसू देत नाही. मग ती ताणली जाते आणि फाटते. चीर पडते ती इथे, सुरुवातीला. लोक शेवटी बघायला येतात.

आणि एक. ऐन आणि सागवान एकाच फेऱ्यात घालू देऊ नका. सागवान सावकाश पण सरळ वाळतं. ऐन चिडका. त्याचं वेळापत्रक वेगळं.

वाड्यातला

एवढा बाऊ कशाला? आमच्या वाईच्या बाजूला कुठल्याही जुन्या वाड्यात जा आणि खांबांकडे बघा. एकही बिनभेगेचा सापडणार नाही, आणि दोन-दोनशे वर्षं माड्या पेलून उभे आहेत. तेव्हा कुठे भट्टी होती? जाड लाकडाला भेग जाणारच. लाकडाच्या रेषेला, म्हणजे तंतूंना, समांतर उभी भेग गेली म्हणून खांब कमकुवत होत नाही. उगाच यंत्रं आणून देवळाचा पैसा घालवू नका.

सांगलीकर_खवय्या

सभामंडपाचा विषय आणि भडंग घेऊन वाचतोय. माहितीचा धागा, वाचनखूण साठवली.

भट्टीवाला_कुपवाड

@वाड्यातला, अर्धं पटलं. पण वाड्याचं लाकूड तोडल्यावर वर्षानुवर्षं सावलीत पडून असायचं, इंचाला वर्ष हा जुना हिशेब तुम्हालाही ठाऊक असेल. भेगा गेल्या त्या रचायच्या आधी, आणि सुताराने त्या बघून, भेग कुठल्या अंगाला ठेवायची ते ठरवून खांब उभा केला. शेजारच्या गावात जे झालं ते नेमकं उलटं आहे. भेग लपलेली होती, त्यामुळे सुताराने खाच तिच्यावरच मारली.

कोयनाकाठ

हो, मुद्दा तोच. भेग नकोच असं माझं म्हणणं नाही. कुठे आहे ते कळायला हवं.

वाईचा_सुतारपुत्र

काका शेजारी बसून सांगताहेत, मी फक्त टंकतोय. वय ऐंशीच्या पुढे, शब्द त्यांचेच ठेवतो.

"पहिलं टोकाकडं बघायचं. गाभ्याचा ठिपका खांबाच्या मधी दिसला का? दिसला की समजायचं ह्याला चांदणी पडणार, मंजी गाभ्यापास्नं चौफेर भेगा. भट्टी लावा न्हाईतर देवाला नवस बोला, पडणारच. कारण लाकूड गोलाईनं जेवढं आकसतंय त्याच्या निम्मंबी ते गाभ्याकडं आकसत न्हाई. मग ते फाटंल न्हाई तर काय करंल?"

(मी मध्ये पुस्तकात बघितलं. सागवानाचे आकडे गोलाईत ५.८ टक्के आणि गाभ्याच्या दिशेने २.५ टक्के असे दिले आहेत, पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत. काकांना आकडे सांगितले तर म्हणाले, "मग मी काय येगळं बोललो?")

"ओंडका मोठा असंल तर गाभा सोडून चार बाजूंनी चार खांब काढायचे. तसले खांब लई कमी फाटतात. ओंडका तेवढा नसंल तर खांबाची जी बाजू भिंतीकडं जाणार, तिच्यावर गाभ्यापतुर आऱ्यानं उभी चीर आपुनच मारायची. तीत पाचर बसवायची. लाकूड वाळंल तशी ती चीर उघडती आन् बाकीच्या तीन बाजू शाबूत ऱ्हातात. फाटायचंच हाय ना, मग आपुन सांगू तिथं फाट म्हणायचं."

ही युक्ती जपानी सुतारही गाभ्याच्या खांबांना वापरतात असं मी वाचलंय. काकांना ते सांगितल्यावर फारसा आनंद झालेला दिसला नाही.

"टोकांना शेण-मातीचा गिलावा घालायचा, चांगला दोन बोटं. आता मेण मिळतंय, डांबरी रंग मिळतोय, ते लावा. पन चिरल्या दिवशीच लावा. आठ दिवसांनी लावलं तर मढ्याला औषध."

भट्टीवाला_कुपवाड

काकांना नमस्कार. टोकांबद्दल सोळा आणे खरं. पाणी रेषेच्या दिशेने आडव्यापेक्षा दहा-पंधरा पटीने जोरात निघतं, म्हणून टोक आधी सुकतं आणि आधी फाटतं. टोकाच्या भेगा दिसतात तरी. कोयनाकाठ, तुमच्या मालाच्या टोकांना काही लावलंय का?

कोयनाकाठ

थप्पीवर वरून ताडपत्री आहे. टोकं उघडी. आत्ताच फोन केला, उद्या सकाळी माणूस जाऊन मेणाचं लावतोय. आधीच्या भेगा?

भट्टीवाला_कुपवाड

लावायच्या आधी प्रत्येक भेगेच्या शेवटाला पेन्सिलीने आडवी खूण आणि शेजारी तारीख. बॉलपेन नको, पुसतं. पुढे भेग त्या खुणेच्या पलीकडे गेली की वाढतेय हे वादाशिवाय कळतं. सगळ्यात स्वस्त यंत्र हेच.

अनुनाद

मूळचा कऱ्हाडचा, पुण्यात एनडीटीच्या कामात, म्हणजे वस्तू न कापता तिच्या आत काय आहे ते तपासायचं. बहुतेक काम लोखंडाचं आणि काँक्रीटचं, पण लाकडावर थोडं केलंय. जरा लांबण लागेल.

लाकूड फाटतं तेव्हा आवाज करतं. तुम्हाला मोठा तडका ऐकू येतो तो शेवटचा. त्याच्या कितीतरी आधी तंतूंमध्ये बारीक-बारीक तुटी होत असतात आणि प्रत्येक तुटीला एक छोटी लहर निघते. ती साधारण १०० ते ३०० किलोहर्ट्झमध्ये असते, माणसाचा कान २० च्या वर ऐकत नाही. लाकडाला चिकटवलेला पिझो सेन्सर (कंपनाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारा) ती ऐकतो. याला अकूस्टिक एमिशन म्हणतात. अमेरिकेत १९८० च्या दशकात रेड ओकवर असे प्रयोग झाले: सेन्सर तुटी मोजतो, दर वाढला की भट्टीची आर्द्रता वाढवायची, शांत झालं की पुन्हा कमी करायची. लाकूडच भट्टी चालवतं म्हणा ना. जपानमध्येही यावर बरंच काम झालंय.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हेच आहे. चीर दिसण्याच्या आधी, भट्टीचं दार बंद असताना सांगणारी पद्धत हीच. बाकी बहुतेक पद्धती चीर पडून गेल्यावर सांगतात.

आता अडचणी. लाकडात या लहरी फार लवकर विरतात, आडव्या दिशेने तर जास्तच. एक सेन्सर एका खांबाचा थोडा भाग ऐकतो, पूर्ण थप्पी नाही. त्यामुळे सगळ्यात वाईट वाळणारा खांब निवडून त्यावर लावायचा. किती मोठी चीर, किती खोल, हे तो सांगत नाही, फक्त "तुटतंय" एवढंच सांगतो. आणि उपकरण स्वस्त नाही. एका देवळासाठी विकत घ्या असं मी म्हणणार नाही.

चिंचणीचा_चिंतू

शंका. भट्टीत एवढे मोठे पंखे असतात. त्या घरघरीत हे कसं ऐकू येणार?

अनुनाद

चांगला प्रश्न. पंख्याची घरघर बहुतेक खालच्या पट्टीत, ती फिल्टरने कापली जाते. खरा त्रास वाफेचा. वाफ फवारताना जो फुस्स आवाज होतो तो वरच्या पट्टीपर्यंत पसरलेला असतो, आणि गळणाऱ्या व्हॉल्व्हचाही. वाफ चालू असताना आलेल्या नोंदी सोडून द्यायच्या. खांब वाळताना खालच्या लाकडी पट्टीवरून जरासा सरकला तरी सेन्सर ओरडतो. म्हणून एका आवाजाला अर्थ नाही, दर तासाचा दर बघायचा.

मिरजेची_तार

आमच्या घरात तंबोरे होतात. तुणाचं लाकूड घेतो ते बोटाने वाजवूनच. चीर असली की टणटण येत नाही, बसका आवाज येतो. तेच खांबाला चालेल का?

अनुनाद

चालेल, पण तुमच्या तबलीची (तंबोऱ्याच्या वरच्या फळीची) जाडी कितीशी, आणि इथे ९ इंच. हातोडीने ठोकून आरपार गेलेली फाट कळेल, आतली चांदणी कळेलच असं नाही. शिवाय ओलं लाकूड तसंही बसकंच वाजतं. ओलं आणि फुटकं यातला फरक कानाने करणं अवघड.

तिथे अल्ट्रासॉनिक कामाला येतं. सिव्हिल कॉलेजांच्या लॅबमध्ये काँक्रीट तपासायचं एक यंत्र असतं, दोन बाजूंना दोन प्रोब, ५४ किलोहर्ट्झचे. एकीकडून लहर सोडायची, दुसरीकडे पोचायला किती मायक्रोसेकंद लागले ते बघायचं. सांगलीत असं कॉलेज शोधायला लांब जावं लागणार नाही. विचारा, बरेचदा नाममात्र शुल्कात करून देतात.

लाकडात आडव्या दिशेने लहर सेकंदाला साधारण दीड हजार मीटरने जाते. ९ इंच म्हणजे २२८ मिलिमीटर, म्हणजे दीडशे मायक्रोसेकंदांच्या आसपास. वाटेत चीर आली तर तिच्यातली हवा लहरीला अडवते, लहर वळसा घेऊन जाते आणि वेळ वाढतो.

दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. चीर लहरीच्या दिशेलाच असली तर लहर तिच्या कडेने सुळकन निघून जाते आणि काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक जागी डावी-उजवी आणि पुढची-मागची, अशा दोन्ही जोड्या मोजायच्या. दुसरं जास्त महत्त्वाचं: तो दीडशेचा आकडा धरून बसू नका. प्रत्येक खांबाची भट्टीत जाण्याआधीची मोजणी हवी, दर फुटावर खडूने खूण करून. लाकूड वाळत जातं तसा लहरीचा वेग वाढतो, म्हणजे वेळ कमी व्हायला हवा. सगळीकडे कमी झाला आणि एका खुणेपाशी तसाच राहिला किंवा वाढला, तर तिथे आत काहीतरी उघडलंय. एकदाच मोजून यातलं काही कळत नाही.

या यंत्राची लहर लाकडात जवळजवळ इंचभर लांबीची असते, त्यामुळे केसाएवढी उथळ चीर त्याला दिसणार नाही. ती डोळ्यांनीच बघायची.

वाड्यातला

आणि डोळ्यांना दिसण्यासाठी रॉकेल. हल्ली रॉकेल मिळत नाही, थिनर घ्या. फडक्याने पुसा. पृष्ठभाग लगेच सुकतो आणि चिरेत गेलेलं सुकायला वेळ लागतो, काळी रेघ उठून दिसते. एवढं आम्हालाही येतं. :) भट्टीजवळ मात्र करू नका, आग लागेल.

कोयनाकाठ

कमाल माहिती मिळतेय, आभार. एक कळलं नाही. शेजारच्या गावच्या खांबाला बाहेर काहीच नव्हतं आणि आत चिरा होत्या. भट्टीवाले म्हणतात चीर बाहेरून सुरू होते. मग बाहेरची गेली कुठे?

भट्टीवाला_कुपवाड

ही खरी मेख. जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्या धंद्यातले अर्धे लोकही इथेच फसतात.

पहिला टप्पा वर सांगितला: कातडी ताणलेली, गाभा दाबलेला. कातडी ताणलेल्या अवस्थेतच वाळून कडक होते, म्हणजे तिला जेवढं आकसायचं होतं तेवढं ती आकसतच नाही, तशीच ताठरते. मग काही काळाने गाभा ३० टक्के ओलाव्याच्या खाली येतो. आता त्याला आकसायचंय. पण बाहेर ताठरलेलं कवच, ते आत येईना. सगळं उलटतं: गाभा ताणलेला, कातडी दाबलेली. कातडी दाबली की तिच्यावरच्या चिरांची तोंडं मिटतात. वरून साफ. खाली चीर तशीच असते, आणि आतून गाभा ताणामुळे नव्याने फाटतो. जोराच्या उष्णतेत ओला गाभा असला तर फारच. असा खांब मधोमध कापला की मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो.

म्हणून भट्टीतून निघालेला गुळगुळीत खांब हा काही पुरावा नव्हे. उलट जो आधी चिरलेला बघितला होता आणि आता साफ दिसतोय, त्याच्याकडे मी जास्त संशयाने बघतो. चिरा मिटायच्या आधी, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यात, पृष्ठभागावर पातळ निळीचा हात फिरवा. चीर उघडी असेल तर नीळ आत जाते. नंतर चीर मिटली तरी रंधा मारल्यावर निळी रेघ राहते. अंगच्या रेघेशी घोळ होत नाही.

आता नमुना. भट्टीवाल्याला सांगा, याच मापाचा, याच ओंडक्यातला, तीन फुटी तुकडा दोन्ही टोकांना मेण लावून थप्पीत ठेव, छोट्या खिडकीतून हाताला येईल असा. ९ बाय ९ चा तीन फुटी तुकडा म्हणजे जवळजवळ पावणेदोन घनफूट सागवान, समितीचा जीव वरखाली होईल. होऊ दे. अधूनमधून तो काढून मधल्या भागातून इंचभर जाडीची चकती कापायची, टोकाजवळची नको, टोक खोटं बोलतं. उरलेल्या तुकड्याच्या नव्या टोकाला लगेच मेण लावून तो परत आत.

चकतीत आतल्या चिरा डोळ्यांनी दिसतात. तिचा गाभा आणि कातडी वेगळी कापून, वजन करून, १०३ अंशाच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवली की दोन्हींचा खरा ओलावा मिळतो. ओलावा मोजायच्या टोचणी-मीटरवर जाड मालात माझा विश्वास नाही. ३० च्या वर तो अंदाजच सांगतो, आणि लाकडाची जात व तापमान बदललं की आकडा बदलतो.

आणि चकतीची काट्याची चाचणी. मधला भाग करवतीने काढून टाकायचा, दोन बाहेरचे दात उरतात, चिमट्यासारखे. दात बाहेर वळले तर कातडी अजून ताणलेली, म्हणजे पहिला टप्पा, वरची चीर पडण्याची वेळ. आत वळले तर टप्पा उलटलाय, आता धोका गाभ्याला. सरळ राहिले तर झोपा निवांत. शेवटी आत वळत असतील तर वाफ देऊन कातडीला ओलावा परत द्यायचा, म्हणजे ताण सुटतो. ते न करता माल बाहेर काढला की सुताराने खाच मारल्या मारल्या खांब उघडतो. शेजारच्या गावच्या खांबाला माझ्या मते हेच झालं असणार, न बघता सांगतोय.

अनुनाद

टाळ्या. अकूस्टिक एमिशनच्या आलेखातही हे दोन टप्पे दिसू शकतात. सुरुवातीला एक उंचवटा, मग शांतता, आणि आतून फाटत असेल तर पुन्हा नोंदी. त्या मधल्या शांततेला भुलून लोक तापमान वाढवतात.

चिंचणीचा_चिंतू

समितीची पण काट्याची चाचणी घ्यायला हवी. आत वळतात का बाहेर ते कळेल.

वाड्यातला

मी बाऊ म्हणालो ते थोडं मागे घेतो, थोडंच. पाटण म्हणजे कोयनेचा पट्टा. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आमच्या वडिलांनी बघितलाय. त्या भागात लाकडी सांगाडा चांगलाच, तो झुलतो, पण झुलताना सगळा भार सांध्यांवर येतो. तेव्हा कुठली भेग चालवून घ्यायची आणि कुठली नाही हे आधी ठरवा.

खांबाच्या मधल्या उंचीवर उभी भेग, रेषेला समांतर: खुशाल ठेवा. तुळईच्या मधल्या भागात वरच्या अंगातून खाली उतरणारी, रेषेला समांतर उथळ भेग: ठेवा. पण तुळईच्या टोकाकडे, जिथे ती खांबावर बसते तिथे, बाजूच्या अंगावर मध्यावर आडवी चालणारी भेग असेल तर तुळई बाद. तिथेच तुळईला वरचा अर्धा भाग खालच्यावरून सरकवणारा जोर सगळ्यात जास्त असतो. दोन्ही बाजूंना तशी भेग असेल आणि बारीक तार आरपार जाईल अशी शंका असेल, तर ती तुळई नसून एकावर एक ठेवलेल्या दोन फळ्या आहेत. आणि रेषा तिरकी असेल तर भेगही तिरकी जाऊन कडेला बाहेर पडते. ती कुठेच नको.

स्ट्रक्चरल इंजिनीअरला भेगांचा नकाशा दाखवा. समितीतले "आपल्याकडे पूर्वीपासून" म्हणणारे, माझ्यासारखे, असतीलच. त्यांना चहा द्या.

वाईचा_सुतारपुत्र

काका म्हणतात, खाच मारायच्या आधी ती जागा ठोकून आणि थिनर फिरवून बघायची, आणि "भेग खाचंच्या कोपऱ्यातनं चालली आसंल तर खांब उलटा करा, वरचं टोक खाली." त्यांच्या मते असं करण्यात काही कमीपणा नाही. यावर दुसऱ्या एका सुतारकाकांचा मतभेद आहे, ते म्हणतात झाडाचं बूड खालीच राहिलं पाहिजे. दोघांचं भांडण मी लहानपणापासून ऐकतोय.

कोयनाकाठ

समितीची बैठक झाली. हा धागा छापून नेला होता. पोळ्याची उपमा वाचून दाखवल्यावर खजिनदार गप्प झाले. ठरलं ते असं: गाभा मध्ये असलेल्या खांबांना मागच्या बाजूने चीर मारायची, नमुन्याचा तुकडा द्यायचा, आणि भट्टी सावकाशवाली. ऐन भट्टीत घालायचाच नाही, गोठ्याच्या सावलीत वर्षभर पडून राहील, कड्या पुढच्या वर्षी. अल्ट्रासॉनिकसाठी कॉलेजात विचारलंय, भट्टीआधीची मोजणी त्यांचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून करायला तयार आहेत.

शेवटचे दोन प्रश्न. भट्टी चालू असताना दार उघडून बघितलं तर चालतं का? आणि गाभ्यापर्यंत किती टक्के ओलावा आला की माल उचलायचा?

भट्टीवाला_कुपवाड

मोठं दार अजिबात उघडायचं नाही. आत ८९ टक्के आर्द्रता, बाहेर सांगलीचा चैत्र. दार उघडताच कोरडी हवा आत शिरते आणि गरम, ओल्या लाकडाची कातडी मिनिटांत सुकते. चीर बघायला गेलात आणि चीर पाडून आलात असं होतं. नमुना काढायला छोटी खिडकी असते, तिथूनच. शक्यतो पहाटे, बाहेरची हवा दमट असताना. पंखे आधी बंद करायचे.

गाभ्याचा आकडा विचारू नका, ९ इंची खांबाचा गाभा १२ वर आणायला भट्टीत किती दिवस लागतील ते बिल बघून समिती विसर्जित होईल. जाडी दुप्पट झाली की वेळ तिप्पट-चौपट होतो. अशा मालात बाहेरचे दीड-दोन इंच १५ च्या आसपास, गाभा २० ते २५ मध्ये, काट्याचे दात सरळ, एवढं झालं की उचला. उरलेलं मंडपात वाळेल, वर्षा-दोन वर्षांत. मागच्या बाजूची पाचर तोपर्यंत काढू नका, सैल होईल तशी ठोकत राहा.

अनुनाद

जाड मालाला निर्वात भट्टीही असते, कमी दाबात पाणी कमी तापमानाला निघतं. पण या एका कामासाठी त्या वाटेला जाऊ नका. आणि विद्यार्थ्यांना सांगा, प्रोबला ग्रीस लावायचं आणि दोन्ही वेळी सारखंच दाबायचं, नाहीतर आकडे लाकडाचे न येता हाताच्या जोराचे येतील.

वाईचा_सुतारपुत्र

काकांचं एक राहिलं. सांगलीहून पाटणला माल पावसाळ्याच्या तोंडावर नेऊ नका. नेलाच तर प्लास्टिकात गुंडाळू नका, आत घाम येतो. ताडपत्री वरून, बाजू उघड्या, आणि ट्रकातही खांबांच्या मध्ये पट्ट्या. उतरवल्यावर देवळाच्या फरशीवर थेट ठेवायचा नाही.

कोयनाकाठ

दिवाळीनंतरच नेतो. भट्टी उतरली की मोजणीचे आकडे आणि चकतीचे फोटो इथेच टाकतो.